छोट्या ट्रॅक्टरला सबसॉयलर

खोडव्यामागून खोडवा घेतला, उसाच्या भरल्या गाड्या रानातून फिरल्या, की नांगराच्या तासाखालची जमीन दडपते. पाणी मुरत नाही, मुळी वरच घुटमळते. आधी खड्डा काढून हा कठीण थर किती खोल आहे ते पहारीने बघा.

२५-३० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला एकच दाता घ्या. दोन दात्यांचा स्वस्त मिळाला म्हणून आणलात, तर तो ओढवणार नाही. थराच्या दोन इंच खाली टोक जाईल एवढीच खोली ठेवा. थर दीड फुटाखाली असला तर सरळ मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणावा, हे आमचं मत. वळताना दाता वर उचलाच.

आणि रान पुरतं वाळू द्या. आम्ही पाहिलेली फसगत बहुधा इथलीच. ओल्यात नुसती चीर पडते, थर फुटत नाही, डिझेल तेवढं जळतं.