खुडूक कोंबडीचे रवण

गावठी कोंबडी खुडूक झाली की घरात साठलेली सारी अंडी तिच्याखाली सारण्याची घाई होते. खुडूक कोंबडी अंडी घालीत नाही. म्हणून रवण नासले तर अंडीही जातात आणि तीन आठवडेही. दोष बहुधा कोंबडीचा नसतो. कळपात कोंबडा असतानाची, सात दिवसांच्या आतील, न तडकलेली 10 ते 12 अंडी पुरेत. दाणापाणी जवळच ठेवावे. सातव्या रात्री अंडे दिव्यासमोर धरावे. आत कोळ्याच्या पायांसारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर गर्भ वाढतो आहे असे समजावे, निव्वळ पारदर्शक दिसणारे काढून घ्यावे. अठराव्या दिवसानंतर मात्र मुलांनीच काय, मालकिणीनेही अंड्यांस हात लावू नये. साधारण 21 व्या दिवशी पिल्ले स्वतःच कवच फोडतात. ती सुकेपर्यंत कोंबडीच्या पंखाखालीच असू द्यावीत.