चंदीगड ते शिमला : दोन राजधान्यांना जोडणारा प्रवासाचा दिवस

चंदीगड : युरोपच्या सहलीचा आराखडा आखताना पती-पत्नी सर्वाधिक काटछाट करतात ती एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्याच्या दिवसाची. सामान बांधणे, स्थानक गाठणे, नव्या ठिकाणी निवास शोधणे यांत हा दिवस ‘वाया जातो’ असा सार्वत्रिक समज आहे. त्याला अपवाद आल्प्स पर्वतातील रेल्वेमार्गांचा. स्वित्झर्लंडमधील थुसिस ते इटलीतील तिरानो हा आल्बुला-बर्निना मार्ग पाहण्यासाठी पर्यटक संपूर्ण दिवस राखून ठेवतात. तेथे प्रवास हीच सहल असते. युनेस्कोने हा मार्ग २००८ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट केला. त्याच वर्षी कालका-शिमला रेल्वेलाही हा मान मिळाला. अशा प्रवासाचा अनुभव चंदीगडहून निघूनही घेता येतो, याची जाणीव मात्र कमी जणांना असते.

नवी राजधानी, जुनी राजधानी

हा प्रवास ज्या दोन शहरांना जोडतो, त्यांचे नाते इतिहासाने घडवले आहे. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेल्यानंतर भारतीय पंजाबला राजधानी उरली नाही. ही जबाबदारी काही काळ शिमल्याने पेलली. दरम्यान शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी नवे शहर उभारण्याचे काम सुरू झाले आणि १९५३ मध्ये राजधानी शिमल्याहून चंदीगडला आली. शहराची आखणी करणारे ल कॉर्ब्युझिए आणि त्यांचे सहकारी पियेर जानरे हे दोघेही मूळचे स्वित्झर्लंडचे. त्यांच्यासह मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू या ब्रिटिश वास्तुविशारद दांपत्यानेही येथे काम केले. येथील कॅपिटॉल संकुल २०१६ मध्ये जागतिक वारसा ठरले. म्हणजे सकाळी एका वारसास्थळाच्या शहरातून निघालेला प्रवासी दिवसभर दुसऱ्या वारशातून प्रवास करतो.

सुमारे ३२० मीटर उंचीवरील चंदीगडहून पंचकुला आणि पिंजोरमार्गे कालका गाठता येते. कालका हरियाणात आहे. तेथपर्यंत ब्रॉडगेज गाडी जाते. पुढे नॅरोगेज रूळ सुरू होतात आणि थोड्याच वेळात गाडी हिमाचल प्रदेशात प्रवेश करते.

गाडी संथ का चालते?

ब्रिटिशांनी १८६४ मध्ये शिमल्याला उन्हाळी राजधानीचा दर्जा दिला. कालक्यापर्यंत रेल्वे १८९१ मध्ये पोहोचली, परंतु पुढील चढण घोडे, बैलगाड्या आणि टांग्यांवरच अवलंबून होती. ही अडचण ९ नोव्हेंबर १९०३ रोजी सुरू झालेल्या रेल्वेमार्गाने दूर केली.

कालका स्थानक समुद्रसपाटीपासून ६५६ मीटर, तर शिमला स्थानक सुमारे २,०७५ मीटर उंचीवर आहे. सुमारे ९६ किलोमीटरच्या अंतरात गाडीला १,४०० मीटरहून अधिक उंची गाठावी लागते. सरासरी काढल्यास दर किलोमीटरला ही चढण जवळपास १५ मीटर भरते. सर्वांत तीव्र ठिकाणी ती ३३ मीटरला एक मीटर इतकी आहे. निलगिरी रेल्वेप्रमाणे येथे दातेरी रुळांचा आधार नाही. इंजिनाची चाके साध्या रुळांवरील घर्षणाच्या बळावरच गाडी वर नेतात. त्यामुळे चढण मर्यादेत ठेवणे आवश्यक होते आणि त्यासाठी मार्ग लांबवून डोंगराला वळसे घालणे हाच उपाय होता.

या मार्गावर नऊशेहून अधिक वळणे, आठशेहून अधिक पूल आणि वापरात असलेले १०२ बोगदे आहेत. रुळांमधील अंतर केवळ ७६२ मिलिमीटर असल्यानेच डब्यांना इतकी अरुंद वळणे घेता येतात. ब्रॉडगेजवर ते शक्य झाले नसते. दऱ्या ओलांडण्यासाठी लोखंडी सांगाड्यांऐवजी बहुतांश ठिकाणी दगडी कमानींचे पूल उभारले गेले. कनोहजवळचा चार मजली कमानींचा पूल त्यांत विशेष प्रसिद्ध आहे.

बडोगचा बोगदा क्रमांक ३३ हा मार्गावरील सर्वांत लांब. त्याची लांबी १,१४३ मीटर. दोन्ही बाजूंनी सुरू केलेले खोदकाम मध्यभागी जुळले नाही, म्हणून एक रुपया दंड झालेल्या अभियंत्याने आत्महत्या केली, अशी कथा येथे सांगितली जाते. नव्या बोगद्याची दिशा ठरवण्यास स्थानिक रहिवासी बाबा भलकू यांनी साह्य केल्याचेही परंपरा सांगते. डोंगर ओळखणाऱ्या माणसाचे स्मरण अभियंत्यांच्या बरोबरीने राखणारी ही परंपरा आहे.

रस्ता वेगवान, डोंगर तोच

चंदीगड-शिमला हे सुमारे ११५ किलोमीटरचे अंतर मोटारीने साधारण चार तासांत कापता येते. रेल्वेला कालक्यापासूनच पाच तासांहून अधिक वेळ लागतो. परवाणू ते सोलन हा महामार्ग चौपदरी झाल्यानंतर रस्त्याचे आकर्षण आणखी वाढले. मात्र २०२३ च्या पावसाळ्याने या वेगाची किंमत दाखवून दिली. ऑगस्टच्या प्रारंभी परवाणूपुढील चक्की मोड येथे रस्त्याचा भाग खचला आणि वाहतूक कित्येक दिवस विस्कळीत झाली. रुंदीकरणासाठी डोंगर जवळपास उभा कापल्याने वरील ठिसूळ थरांचा आधार जातो आणि पावसाचे पाणी मुरल्यावर ते घसरतात, याकडे भूशास्त्राच्या अभ्यासकांनी लक्ष वेधले.

रेल्वेही या आपत्तीतून सुटली नाही. १४ ऑगस्ट २०२३ रोजी शिमल्यातील समरहिल परिसरात कोसळलेल्या दरडीखाली शिवमंदिर गाडले गेले. त्यात २० जणांचा मृत्यू झाला. त्याच लोंढ्यात रेल्वेपूल वाहून गेला आणि रूळ अधांतरी लोंबकळत राहिले. दुरुस्तीनंतर ऑक्टोबरमध्ये शिमल्यापर्यंतची सेवा पूर्ववत झाली. जुने ते सर्व सुरक्षित, असा निष्कर्ष यातून काढता येणार नाही. डोंगराच्या कलाने वळणे घेत गेलेला मार्गही पाण्याच्या निचऱ्याकडे आणि वरच्या उतारावरील बांधकामांकडे दुर्लक्ष झाल्यास धोक्यात येतो.

आखणी करताना

महाराष्ट्रातून शिमल्याला जाणाऱ्यांमध्ये नवविवाहित जोडप्यांची संख्या मोठी असते. अशा पर्यटकांनी चंदीगडहून सकाळी लवकर निघावे आणि हा संपूर्ण दिवस प्रवासासाठीच राखून ठेवावा. नॅरोगेज गाड्यांत आसने मर्यादित असल्याने आरक्षण आधीच करणे हिताचे. डबे लहान असतात. मोठ्या बॅगा गैरसोयीच्या ठरतात. जाताना रेल्वे आणि परतताना रस्ता, अशी विभागणी केल्यास दोन्ही मार्ग पाहता येतात. जुलै ते सप्टेंबर या काळात दरडींचा धोका लक्षात घेऊन निघण्यापूर्वी मार्गाची स्थिती तपासावी. परतीच्या दिवशी चंदीगडहून लगेच विमान पकडायचे असल्यास हाताशी पुरेसा वेळ ठेवावा. शक्य असल्यास विमान दुसऱ्या दिवशीचे घ्यावे.

युरोपातील पर्वतीय रेल्वेचे तिकीट काढताना तेथील पर्यटक संथपणाचीच किंमत मोजतो. कालक्याहून सुटणारी गाडी तोच संथपणा कितीतरी कमी दरात देते. हा दिवस वाया जातो, असे मात्र शिमला स्थानकावर उतरताना कोणी म्हणणार नाही.