नासाग्रवृद्धी : नाव, कारण आणि शस्त्रक्रिया

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात डोमेनिको गिर्लांडायो या फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने १४९० च्या सुमारास रंगविलेले एका वृद्धाचे व बालकाचे चित्र आहे. वृद्धाच्या नाकाचा शेंडा गाठीगाठींनी फुगलेला आहे. चित्रकाराने तो झाकलेला नाही, आणि बालकही त्या मुखाकडे निःशंकपणे पाहत आहे. या विकारास वैद्यकात ‘ऱ्हायनोफायमा’ अशी संज्ञा आहे. मराठीत तीस नासाग्रवृद्धी म्हणता येईल.

ही संज्ञा व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ फेर्डिनांट फॉन हेब्रा यांनी १८४५ मध्ये रूढ केली. ग्रीक ‘ऱ्हिस’ म्हणजे नाक व ‘फीमा’ म्हणजे वाढ. यातील दुसऱ्या पदाच्या मुळाशी असलेला ग्रीक धातू संस्कृत ‘भू’ धातूचा सगोत्र होय. नाक वाढले एवढेच ही संज्ञा सांगते. ते का वाढले याविषयी ती मौन पाळते, आणि हाच तिचा गुण आहे. लोकभाषेतील नावांनी असा संयम राखलेला नाही. जर्मन भाषेतील ‘क्नोलेननाझे’, म्हणजे कंदासारखे नाक, हे नाव बोचरे खरे, पण ते रूपावर थांबते. इंग्रजीतील ‘व्हिस्की नोज’ व ‘रम नोज’ ही नावे मात्र रोग्याला सरळ मद्यपी ठरवितात.

वस्तुतः हा आरोप सिद्ध झालेला नाही. मद्याने मुखावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या काही काळ विस्फारतात व लाली वाढते; परंतु ज्यांनी मद्याला कधी स्पर्श केला नाही अशांनाही हा विकार होतो. तो ‘रोझेशिया’ या दीर्घकालीन त्वचारोगाचा एक पुढचा टप्पा समजला जातो. त्यात त्वचेतील स्नेहग्रंथी फार मोठ्या होतात, त्यांभोवती तंतुमय ऊतक साचते, रंध्रे रुंदावतात आणि शेंडा जाड व उंचसखल होतो. रोझेशिया स्त्रियांतही पुष्कळ आढळतो. नासाग्रवृद्धी मात्र बहुतांशी चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या पुरुषांत दिसते. नावातील कलंकाचा परिणाम असा की, रोगी लाजेने वैद्याकडे जाण्याचे टाळतो, आणि औषधांनी रोझेशिया आवरता येण्याचा काळ निघून जातो.

शेंड्याचे प्रत्येक स्थूलत्व या प्रकारचे नसते, हे येथेच सांगितले पाहिजे. काहींचा शेंडा घडणीनेच रुंद असतो. तेथे नाकपुड्यांना आकार देणाऱ्या दोन कूर्चा अधिक फुगीर किंवा परस्परांपासून दूर असतात, अथवा वरची त्वचा जाड असते. तो रोग नव्हे. अमेरिकेतील रॉचेस्टरचे जॉन ऑर्लँडो रो यांनी बसक्या, स्थूल शेंड्याची शस्त्रक्रिया नाकाच्या आतून, बाहेर व्रण न ठेवता, करता येते हे १८८७ मध्ये प्रसिद्ध केले. आज अशा वेळी कूर्चांचा थोडा भाग काढतात किंवा टाके घालून त्यांना जवळ आणतात. शेंड्याची सूज पूर्ण ओसरण्यास वर्षही लागते. उतावळ्या माणसाने हे आधीच जाणून घ्यावे.

नाकाची शस्त्रक्रिया म्हटली की आपल्याकडे सुश्रुताचे स्मरण होते. परंतु सुश्रुत छिन्न नाकास गालाच्या त्वचेने पूर्ण करतो. नासाग्रवृद्धीत प्रश्न उलट आहे. येथे कूर्चा बहुधा निर्दोष असते, वाढ असते ती त्वचेत. म्हणून शल्यवैद्य वाढलेला थर पात्याने, विद्युत्‌शस्त्राने किंवा कार्बन डायऑक्साइड लेसरने पातळ पातळ तासत नाकाची मूळ आकृती मोकळी करतो. मर्म असे की, स्नेहग्रंथींचे तळ शाबूत ठेवावयाचे असतात. त्यांच्या अस्तरातूनच नवी बाह्यत्वचा उगवते आणि दोन-तीन आठवड्यांत जखम झाकली जाते. अन्य ठिकाणची त्वचा आणून लावावी लागत नाही. पाते त्याहून खोल गेले तर मात्र पांढरा, आकसलेला व्रण कायमचा राहतो. किती काढावे यापेक्षा कोठे थांबावे याचे ज्ञान येथे अधिक मोलाचे आहे. काढलेले ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे अवश्य आहे, कारण त्या गाठींत क्वचित त्वचेचा कर्करोग दडलेला असतो. मूळ रोझेशिया शस्त्राने जात नाही. त्यावरील औषधयोजना पुढेही चालू ठेवावी लागते.