दालचिनीचं दुसरं नाव

बारावीतली पुतणी सहामाहीचा पेपर घेऊन आली. 'पेंटॅनोन' लिहिलं म्हणून गुण गेला होता. "काका, नाव बरोबरच होतं ना?" केमिस्ट्री सोडायच्याच गोष्टी करत होती.

बरोबर होतं, पण अर्धं. कार्बोनिल म्हणजे ऑक्सिजनशी दुहेरी बंधानं जोडलेला कार्बन. कीटोनमध्ये तो साखळीच्या मध्ये असतो. पाच कार्बनांत दुसऱ्या जागीही बसेल, तिसऱ्याही. म्हणून पेंटॅन-२-ओन की पेंटॅन-३-ओन, हे सांगावंच लागतं. अल्डिहाइडमध्ये तो कायम टोकाला. तिथं शेवटी 'अल' येतं आणि क्रमांक लागतच नाही. दोन्ही एकाच रेणूत आले तर मान अल्डिहाइडचा, कीटोन 'ऑक्सो' होऊन नावाच्या आधी जातो: ३-ऑक्सोब्युटॅनल.

मला आपली जुनी नावं आवडतात. फॉर्माल्डिहाइडचं नाव फॉर्मिक आम्लावरून, आणि आम्लाचं मुंगीवरून. लॅटिनमध्ये मुंगी म्हणजे फॉर्मिका. ब्युटिरिक तर लोण्यावरून! पण परीक्षेत पद्धतशीर नावही यायला हवं.

मसाल्याच्या डब्यातली दालचिनी तिच्या हातात दिली. तिचा वास सिनॅमाल्डिहाइडचा. रचना काढून दिली. पाच मिनिटांनी वही पुढे आली: ३-फिनिलप्रॉप-२-ईनल.

"आणि काका, 'अल'ला क्रमांक दिलेला नाही, बघा!"