बर्फ जमेना, तेव्हा औषधांकडे पाहा

चैत्र सरता सरता नगर शहरात उन्हाचा पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. अशाच एका दुपारी सावेडी उपनगरातील आमच्या परिचयाच्या घरी एक लहानशी अडचण उभी राहिली. घरातील माईंच्या गुडघ्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. सूज उतरण्यासाठी दिवसातून तीन वेळा बर्फाने शेकण्यास फिजिओथेरपिस्टने सांगितले होते. सूनबाईंनी बर्फाचा ट्रे बाहेर काढला, तो त्यात पाणीच. दुसऱ्या दिवशी वर पातळसा पापुद्रा आणि खाली पुन्हा पाणी.

“अगं, ट्रे उशिरा ठेवला असशील,” माई म्हणाल्या.

“नाही हो माई, काल सकाळीच भरून ठेवला होता.”

सुट्टीसाठी आलेल्या नातवाने फ्रिजचा नॉब शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवला आणि विषय तेवढ्यावर थांबला. त्याच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात अण्णांच्या इन्सुलिनची तीन नवी पेन होती, याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही.

तिसऱ्या दिवशी मेकॅनिक आले. त्यांनी खालच्या कप्प्यात तापमापक ठेवला, तो १५ अंश सेल्सियस दाखवू लागला. कारण साधेच होते. माईंच्या वॉकरला वाट मिळावी म्हणून घरच्यांनी फ्रिज मागे ढकलून भिंतीला टेकवला होता. त्यामुळे मागची गरम हवा बाहेर पडत नव्हती. शिवाय जागा बदलल्याने फ्रिज किंचित पुढे झुकला होता आणि तेलकट, कडक झालेल्या रबरामुळे दार नीट बसत नव्हते. मेकॅनिकने फ्रिज पुढे ओढला, पाय फिरवून समतोल केला आणि रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसून दिले. सूनबाईंनी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “एवढ्याने इन्सुलिन वाया गेले असे समजू नका. मात्र आता खोक्यावरची मुदत धरू नका. ही पेन चार आठवड्यांत वापरून संपवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेमध्ये खणखणीत बर्फ होता. सारे समाधानी झाले. संध्याकाळी अण्णांनी नवे पेन काढले, तो त्यात बर्फाचे कण! नॉब अजून शेवटच्याच आकड्यावर होता आणि पेन आतल्या भिंतीला टेकून ठेवलेली होती. उष्णतेतून वाचलेली तिन्ही पेन थंडीने गोठून निकामी झाली.

ही हकीगत सांगण्याचे कारण असे, की ज्या घरात ज्येष्ठांची औषधे फ्रिजमध्ये असतात, त्या घरात बर्फ न जमणे ही केवळ सरबताची गैरसोय नसते. फ्रिजमधील बिघाडाची ती बहुधा पहिली दिसणारी खूण असते. दूध नासण्याआधी, भाजी कोमेजण्याआधी बर्फ आपल्याला सावध करतो.

आधी औषधे, मग बर्फ

फ्रीझरचे तापमान उणे १८ अंश सेल्सियसच्या आसपास असावे, तर औषधे ठेवण्याच्या खालच्या कप्प्याचे २ ते ८ अंशांच्या दरम्यान. न उघडलेले इन्सुलिन, काचबिंदूचे काही थेंब, मूत्रपिंडाच्या रुग्णांना रक्तवाढीसाठी देण्यात येणारी काही इंजेक्शने, पाण्यात कालवलेली काही प्रतिजैविक औषधे यांना ही मर्यादा लागू असते. म्हणून बर्फ जमत नसल्याचे दिसताच पुढील क्रम धरावा.

प्रथम खालच्या कप्प्यात तापमापक ठेवावा. फ्रिजसाठीचा साधा तापमापक फार महाग नसतो आणि औषधे असलेल्या घरी तो कायमच असावा. तापमान ८ अंशांच्या वर असल्यास औषधे किती काळ तशी राहिली असावीत याचा अंदाज कागदावर लिहून डॉक्टरांना किंवा औषध विक्रेत्यांना विचारावे. स्वतःच्या मनाने औषध टाकूनही देऊ नये आणि काही झाले नसेल असे धरून वापरूही नये.

इन्सुलिनच्या बाबतीत एक दिलासा आहे. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिने साधारण २५ ते ३० अंशांपर्यंतच्या तापमानात सुमारे चार आठवडे टिकतात. नेमकी मुदत प्रकारानुसार बदलते, म्हणून सोबतचे पत्रक पाहावे. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी केनियातील दादाब येथील निर्वासित छावणीतील परिस्थिती समोर ठेवून केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. २५ ते ३७ अंशांच्या चढउतारातही इन्सुलिनची शक्ती चार आठवडे टिकल्याचे त्यात आढळले. त्यामुळे थोड्या उबेने घाबरून जाऊ नये. गोठणे मात्र इन्सुलिनला सहन होत नाही. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्ववत दिसले, तरी ते वापरू नये. म्हणून औषधे फ्रीझरजवळ, आतल्या भिंतीला टेकून किंवा बर्फाला लागून कधीही ठेवू नयेत. दारातील खणही टाळावा, कारण तेथील तापमान सतत वरखाली होते. मधल्या खणात, झाकणाच्या डब्यात ठेवणे सर्वांत चांगले.

थंडी कमी, की पाणी कमी?

औषधांची व्यवस्था लागल्यावर कारणाकडे वळावे. ट्रेमध्ये पाणी आहे, पण गोठत नाही, म्हणजे थंडी कमी पडते आहे. अशा वेळी पुढील गोष्टी घरच्या घरी पाहता येतात.

१. वीज आणि दाब: फ्रिजमधील दिवा मंद लागतो का, कॉम्प्रेसर सुरू होताना घरघर करून बंद पडतो का, हे पाहावे. विजेचा दाब कमीजास्त होत असेल, तर स्टॅबिलायझर हवा. वीज गेल्यानंतर परत येताच फ्रिज लगेच सुरू न करता तीन ते पाच मिनिटे थांबावे.

२. भोवतालची जागा: मागे आणि बाजूंना हवा खेळती हवी. फ्रिज भिंतीला टेकलेला नसावा, त्यावर पांघरुणे नसावीत आणि दुपारचे ऊन त्यावर येऊ नये.

३. दाराचे रबर: दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि ती हळूच ओढावी. अडखळत न येता सहज निघाली, तर त्या ठिकाणी रबर सैल आहे. असे चारही बाजूंनी पाहावे.

४. आतील गर्दी: फ्रीझरमधील हवेच्या झरोक्यापुढे मटाराच्या किंवा पिठाच्या पिशव्या कोंबलेल्या असतील, तर थंड हवा फिरत नाही.

५. साचलेला हिमथर: एकदारी फ्रिजमध्ये हिमाचा थर बोटाएवढा जाड झाला, की गारवा उलट कमी होतो. तेव्हा डीफ्रॉस्टचे बटण दाबावे किंवा फ्रिज बंद करून थर आपोआप वितळू द्यावा.

६. नॉबचा आकडा: हिवाळ्यात कमी केलेला आकडा उन्हाळ्यात तसाच राहतो. तो एकेका घराने वाढवावा, चोवीस तास वाट पाहावी आणि तापमापक पाहूनच पुढचे पाऊल टाकावे. दुरुस्ती झाल्यावर आकडा पुन्हा तपासावा. अण्णांच्या घरी चूक झाली ती येथेच.

आपोआप बर्फ करणारे यंत्र

परगावी राहणारी मुले हौसेने आईवडिलांसाठी मोठा फ्रिज घेतात. त्यात आपोआप बर्फ करणारा आइस मेकर असतो. तो बंद पडला आणि बाकी फ्रिज उत्तम गार असेल, तर दोष बहुधा पाण्याच्या वाटेवर असतो.

आधी आइस मेकर चुकून बंद तर झाला नाही ना, हे पाहावे. काही फ्रिजमध्ये त्यासाठी बटण असते, तर काहींमध्ये तारेचा किंवा प्लॅस्टिकचा दांडा असतो. दांडा वर अडकला, की भांडे भरले असे समजून यंत्र थांबते. बर्फाचे खडे एकमेकांना चिकटून गोळा झाला असला, तरीही तसेच घडते. भांडे रिकामे करून, धुऊन, कोरडे करून परत बसवावे.

मग पाणी पाहावे. फ्रिजला स्वतंत्र टाकी असेल, तर ती भरलेली व नीट बसलेली आहे का? नळी जोडलेली असेल, तर तिची तोटी पूर्ण उघडी आहे का आणि फ्रिज मागे सरकवताना नळी दुमडली आहे का? आपल्या जिल्ह्यात अनेक घरी बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरतात. त्या क्षारांनी फिल्टर आणि पाणी आत सोडणाऱ्या झडपेची जाळी तुंबते. फिल्टर कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, साधारणपणे सहा महिन्यांनी, बदलावा. पाण्याचा दाब फार कमी असेल, तर खडे लहान, पोकळ निघतात किंवा निघतच नाहीत. पाणी साच्यात सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी बर्फ साचला असेल, तर फ्रिज बंद करून कोमट पाण्यात पिळलेले फडके त्यावर धरावे.

दुरुस्तीनंतर पहिला बर्फ पडण्यास चोवीस तास लागू शकतात. पहिल्या दोन-तीन खेपांचा बर्फ टाकून द्यावा. झडप, मोटर किंवा गॅस यांचे काम मात्र जाणकार मेकॅनिककडेच सोपवावे.

हे करू नये

हिम खरवडण्यासाठी सुरी, उलथणे किंवा स्क्रू ड्रायव्हर वापरू नये. नव्या फ्रिजमध्ये बहुधा आयसोब्युटेन हा ज्वालाग्राही वायू असतो. नळी फुटली, तर फ्रिज निकामी होतोच, शिवाय आगीचाही धोका असतो. फ्रीझरमध्ये केस वाळवण्याचे यंत्र किंवा हीटर धरू नये. वितळलेले पाणी फरशीवर राहू देऊ नये, कारण वृद्धांच्या पडण्याचे ते एक नित्याचे कारण आहे. आणि फ्रिज एकट्या ज्येष्ठ व्यक्तीने ओढू नये.

तोवर काय करावे?

गुडघ्याच्या सुजेसाठी थंड पाण्यात भिजवून पिळलेले फडके पुन्हापुन्हा बदलत ठेवता येते. शेजाऱ्यांकडून बर्फ आणला, तर तो फडक्यात गुंडाळून पंधरा ते वीस मिनिटांपेक्षा अधिक धरू नये. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असल्यास पायांवर बर्फ डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नये. कातडी गोठून जखम झाली, तरी त्यांना कळत नाही.

बाजारातून बर्फ आणताना त्याचा रंग पाहावा. अखाद्य बर्फ ओळखू यावा म्हणून २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला निळा रंग देणे बंधनकारक केले. निळा बर्फ पदार्थ गार ठेवण्यासाठी वापरतात, तो पोटात जाता कामा नये. पांढरा बर्फही कोणत्या पाण्याचा आहे ते ठाऊक नसल्यास सरबतात घालू नये. गोठल्याने जंतू मरतातच असे नाही. विषमज्वराचे आणि काविळीचे जंतू बर्फात तग धरू शकतात. घरचा बर्फही उकळून गार केलेल्या किंवा शुद्ध केलेल्या पाण्याचाच करावा.

मूत्रपिंडाच्या ज्या रुग्णांना पाणी मोजून दिले जाते, त्यांची तहान भागवण्यासाठी बर्फाचा खडा चघळायला देतात. तो खडाही त्या मोजमापात धरावा. वाटीभर बर्फाचे पाणी साधारण अर्धी वाटी होते. पक्षाघातानंतर ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांना बर्फ देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. तोंडात वितळलेला बर्फ पातळ पाणीच होतो आणि ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

वापरातील इन्सुलिन काही दिवस माठाच्या आधाराने जपता येते. मोठ्या माठात ओली वाळू, तिच्यात लहान मडके आणि त्यात कोरड्या डब्यात औषध, वर झाकण, अशी मांडणी सावलीत, वाऱ्याच्या ठिकाणी करावी. पाण्याच्या बाष्पीभवनाने आत बाहेरच्यापेक्षा बराच गारवा राहतो. यात फ्रिजइतकी थंडी मिळत नाही, पण गोठण्याची भीतीही नसते. औषध पाण्याला मात्र लागू देऊ नये.

आणि कोणाला उष्माघाताची लक्षणे दिसली, अंग भाजते आहे, बोलणे असंबद्ध होते आहे असे वाटले, तर बर्फाची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा, सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडावे आणि पंख्याचा वारा घालावा.

सावेडीच्या त्या घरी आता फ्रिजच्या मधल्या खणात तापमापक आहे. रोज सकाळी चहाआधी अण्णा त्याचा आकडा दिनदर्शिकेवर लिहितात. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे आला आहे आणि वॉकरची वाट मोकळी राहावी म्हणून दिवाणाची जागा बदलली आहे. माईंच्या ट्रेमध्ये बर्फ वेळेवर जमतो. एखाद्या दिवशी तो जमला नाही, तर सूनबाई आता आधी अण्णांच्या औषधांचा डबा उघडून पाहतात आणि मग मेकॅनिकला फोन करतात.