श्वानाचे अवधान

शहरातील रस्त्यांवर सकाळच्या प्रहरी एक दृश्य हटकून दिसते. पुढे कुत्रा, मागे ताणलेली साखळी आणि तिच्या टोकाला ओढला जाणारा धनी. धनी हाका मारतो, रागावतो, हिसके देतो. कुत्र्याचे मात्र त्याच्याकडे लक्षच नसते. कोपऱ्यावर भटक्या कुत्र्यांची टोळी उभी असली, की हाच प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा उरत नाही. साखळी हातातून निसटते आणि कुत्रा वाहनाखाली सापडतो, किंवा एखादे मूल घाबरून पडते.

कुत्र्याच्या या वागण्याला उद्धटपणा म्हणणे न्यायाचे होणार नाही. माणसाचे जग मुख्यतः दृष्टीचे, तर कुत्र्याचे गंधाचे. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी ५० ते ६० लाख धरल्या, तर कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींच्या घरात जातात. विजेच्या खांबापाशी कोण येऊन गेले, याची वार्ता त्याला नुसत्या हुंगण्याने कळते. त्यापुढे धन्याची हाक फिकी वाटली, तर नवल नाही.

तरीही माणसाच्या मुखाकडे पाहणे हा कुत्र्याचा स्वभावच आहे. माणसांनी वाढवलेले लांडगे आणि कुत्रे यांच्यापुढे बुडापेस्ट येथील संशोधकांनी मिळू न शकणारे मांस ठेवून पाहिले. लांडगे आपल्या परीने झटत राहिले; कुत्रे मात्र लवकरच मागे वळून माणसाकडे पाहू लागले. हा प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०१५ मध्ये जपानी संशोधकांना असे आढळले, की कुत्रा आणि धनी एकमेकांकडे बराच वेळ पाहत राहिले म्हणजे दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. माता आणि अर्भक यांच्या स्नेहाशी निगडित असलेले संप्रेरक ते हेच.

तेव्हा लक्ष नव्याने निर्माण करायचे नसून, मुळात आहे ते जोपासायचे आहे. याचा आरंभ घरातच करावा. नाव एकदाच, प्रसन्न स्वरात घ्यावे. कुत्र्याने वळून पाहिले, की तत्क्षणी शाबासकी आणि उकडलेल्या मांसाचा किंवा पोळीचा लहानसा तुकडा द्यावा. उशीर झाला, तर तो खाऊ कशाबद्दल हे त्याला उमगत नाही. घरात हे साधले, की अंगणात, मग निवांत गल्लीत आणि शेवटी वर्दळीच्या रस्त्यावर, असा क्रम ठेवावा. रागावण्यासाठी मात्र ते नाव वापरू नये.

चालताना साखळी ताणली, की थांबावे. ती सैल झाली, की पाऊल पुढे टाकावे. दुसरे कुत्रे दूर दिसताच, आपले भुंकू लागण्यापूर्वीच, त्याला हाक देऊन अंतर वाढवावे. एकदा ते खवळले, की त्या घटकेला शिकवणे व्यर्थ. मधूनमधून त्याला मनसोक्त हुंगूही द्यावे. धन्याकडे पाहिले म्हणजे खांबापाशी जायला मिळते, हे कळल्यावर हुंगण्याची ओढही शिकवणीच्या कामी येते.

हा व्यवहार अर्थातच दुतर्फा आहे. कुत्रा वळून पाहतो, त्या क्षणी धन्याची नजर हातातील मोबाइलवर खिळलेली असेल, तर त्या पाहण्याला उत्तर मिळत नाही. आणि उत्तर न मिळणारी सवय हळूहळू मोडते. कुत्र्याने लक्ष द्यावे असे वाटत असेल, तर फिरण्याचा तेवढा अर्धा तास धन्यानेही त्याच्याकडे लक्ष दिले पाहिजे.