सरळ उतरणारा टॅप

बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत चर्चा रासायनिक कारखान्यांची अधिक होते. पण पोलादाचे कामही इथे मोठे. विराज प्रोफाइल्स ही कंपनी इथे स्टेनलेस स्टीलच्या सळ्या, तारा आणि फ्लँज बनवते. या धातूच्या लहानशा भागात आटे पाडणे हे मोठ्या कसबाचे काम.

एम-६ आटा घ्या. पिच १ मिलिमीटर, म्हणून भोक ५ मिलिमीटरचे. आटे पाडणारा टॅप तिरका शिरला तर तुटण्याची भीती, आणि बोल्टचे डोके एकाच कडेवर टेकते. म्हणून जाणता टर्नर भोक पाडल्यावर भाग चकमधून काढतच नाही. लेथ बंद ठेवून, टेलस्टॉकचा आधार देत तो टॅप हाताने फिरवतो. भोक आणि आटे एकाच अक्षावर राहतात. हीच खरी कारागिरी.

स्टेनलेस स्टील मात्र कसोटी पाहते. टॅप न कापता नुसता घासला, तर पृष्ठभाग आणखी कडक होतो. धार ताजी हवी, कटिंग ऑइल भरपूर हवे, चिप तोडायला टॅप अधूनमधून मागे फिरवायला हवा. आत तुटलेला टॅप काढताना तयार भागच वाया जाऊ शकतो.

शेवटी आटे तपासायला गेज: ‘गो’ बाजू पूर्ण आत जावी, ‘नो-गो’ दोन फेऱ्यांच्या आत अडावी.

१८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने ५५ अंशांच्या आट्याचे प्रमाण मांडले; मेट्रिक आट्याचा कोन ६० अंश. जुनी विलायती यंत्रे दुरुस्त करताना हा फरक आधी तपासावा लागतो.